सुट्या भागांतून गेम कन्सोल : ही खटपट आली कुठून?

1962 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात पीडीपी-1 या संगणकावर ‘स्पेसवॉर’ खेळणाऱ्यांची कोपरं दुखायला लागली. स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी लिहिलेला हा दोन यानांच्या लढाईचा खेळ संगणकाच्या पॅनेलवरच्या खटक्यांनी खेळावा लागे. पडदा बाजूला असल्यामुळे दोघांपैकी एकाला तो नीट दिसे, दुसऱ्याला नाही. ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी तिथल्या मॉडेल रेल्वे क्लबच्या खोलीत सापडलेलं लाकूड, बेकेलाइट (एक जुनं प्लास्टिक) आणि टॉगल स्विच घेऊन हातात धरायच्या पेट्या बनवल्या आणि संगणकाला जोडल्या. घरी कन्सोल जोडणाऱ्यांची वंशावळ इथूनच मोजावी, असं मला वाटतं. संगणक तयार होता, खेळ तयार होता, अडलं होतं ते खेळणाऱ्याच्या हातात काय द्यायचं इथे.

दुसरी अडचण पडद्याची. ती सोडवली राल्फ बेअर यांनी, आणि त्यांनी तर संगणक वापरलाच नाही. ते मुळात टीव्हीचे इंजिनिअर. 1966 मध्ये त्यांच्या मनात आलं की घरोघरी असलेल्या टीव्हीवर खेळता का येऊ नये? सँडर्स असोसिएट्स या कंपनीत सहकाऱ्यांसोबत त्यांनी एकामागून एक नमुने बनवले. शेवटच्या नमुन्याला लाकडासारखा दिसणारा चिकट कागद लावला होता, म्हणून त्याचं नाव ‘ब्राउन बॉक्स’. आत प्रोसेसर नव्हता, होते फक्त ट्रान्झिस्टर, डायोड आणि त्यांच्या सोबतीचे किरकोळ भाग. पेटीतून निघणारा सिग्नल टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडायचा, टीव्हीला तो एखाद्या चॅनेलसारखाच वाटे. 1972 मध्ये हीच रचना ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ म्हणून बाजारात आली.

सर्वसामान्य हौशी माणसाच्या हाती ही गोष्ट आली ती 1976 मध्ये, एका चिपमुळे. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या एवाय-3-8500 या चिपमध्ये बॅट, चेंडू, भिंती, गुण आणि आवाज असं सगळं आधीच बसवलेलं होतं. तिच्याभोवती काही रेझिस्टर, कपॅसिटर, घड्याळाचा सिग्नल देणारं सर्किट, बॅट हलवायला दोन पोटेन्शिओमीटर (फिरवायच्या खुंट्या) आणि सिग्नल टीव्हीच्या चॅनेलवर बसवणारा मॉड्युलेटर लावला की खेळ सुरू. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांनी तिचे आराखडे छापले, लोकांनी घरी सोल्डर करून ते उभे केले. पुढच्याच वर्षी ‘ॲपल 2’ हा घरगुती संगणक आला. त्यात रंग, पॅडल आणि स्पीकर आले ते ‘ब्रेकआउट’ हा खेळ त्यावर बेसिक या संगणक-भाषेत लिहिता यावा म्हणून, असं तो घडवणाऱ्या स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी सांगितलेलं आहे. घरगुती संगणक आणि कन्सोल तेव्हा सख्खी भावंडं होती. ‘अटारी 2600’ या कन्सोलमधली 6507 ही प्रोसेसर चिप ‘ॲपल 2’मधल्या 6502 चीच लहान आवृत्ती, आणि निन्टेन्डोच्या 1983 च्या फॅमिकॉम या कन्सोलमधला प्रोसेसरही त्याच घराण्यातला.

मग वाटा फुटल्या. कन्सोलमध्ये खास घडवलेल्या ग्राफिक्स चिप आल्या, अनधिकृत कार्ट्रिज (खेळ साठवलेली डबी) चालू नये म्हणून कुलूप लावणाऱ्या चिप आल्या. बाजारातून भाग आणून तसा कन्सोल बनवणं अशक्य झालं. त्याच काळात संगणक मात्र उलट दिशेला गेला. 1981 चा आयबीएम पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनला होता आणि कार्डं बसवायला त्यात खाचा होत्या. 1995 मध्ये इंटेलने मदरबोर्डाचा आकार आणि स्क्रूच्या जागा ठरवणारं एटीएक्स मानक आणलं. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, ही आज गृहीत धरलेली सोय बरीचशी तिथली आहे. त्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

1997 मध्ये निकोला साल्मोरिया यांनी मेम हा एम्युलेटर, म्हणजे जुने आर्केड खेळ पीसीवर चालवणारा प्रोग्राम, प्रसिद्ध केला आणि लोक जुने पीसी आर्केडच्या लाकडी कपाटांत बसवू लागले. पुन्हा तीच हाताची अडचण. जुना कीबोर्ड उघडायचा, आतल्या सर्किट बोर्डावर वायरी सोल्डर करायच्या आणि त्या जॉयस्टिकच्या मायक्रोस्विचपर्यंत न्यायच्या. पण कीबोर्डमध्ये कळा ओळी-स्तंभांच्या जाळीत जोडलेल्या असतात. तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी दाबलेली कळ नोंदलीच जात नाही, किंवा न दाबलेलीच नोंदली जाते. दोघं खेळायला बसले की हे हमखास व्हायचं. म्हणून प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर देणारे एन्कोडर बोर्ड आले.

2001 च्या, मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलने हौशी लोकांना मोठा धीर दिला. आत इंटेलचा 733 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, 64 एमबी रॅम आणि हार्ड डिस्क, म्हणजे चक्क पीसी. कंट्रोलरचा सॉकेट निराळा दिसे, पण आतला सिग्नल यूएसबीचाच होता. लोकांनी केबल कापून साधा यूएसबी प्लग जोडला आणि तो पीसीवर चालवला. एक्सबॉक्स 360 च्या वायरवाल्या कंट्रोलरला मायक्रोसॉफ्टने स्वतःच विंडोजचा ड्रायव्हर दिला. हाताचा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने सुटला. पडद्याचा प्रश्न सुटला तो फ्लॅट टीव्ही आणि एचडीएमआयमुळे. व्हाया या कंपनीने आणलेल्या 17 बाय 17 सेंटिमीटरच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डामुळे पेटीही टीव्हीखाली मावू लागली.

2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या दोघांनीही एएमडीचे एक्स86, म्हणजे पीसीत असतात त्याच घराण्यातले, प्रोसेसर घेतले. आता सुट्या भागांचा पीसी आणि कन्सोल यांची सरळ तुलना होऊ लागली, ‘कन्सोलच्याच किमतीत’ हा हिशोबही सुरू झाला. हा हिशोब घरच्या जोडणीवर नेहमीच थोडा अन्याय करतो. एपिक या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. कमाई खेळ आणि सदस्यत्वातून. घरी जोडणाऱ्याला प्रत्येक भाग पूर्ण किमतीलाच घ्यावा लागतो.

उरला होता तो सॉफ्टवेअरचा भाग. स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची 2015 ची स्टीम मशिन्स, म्हणजे लिनक्सवर चालणारे कन्सोलसारखे पीसी, चालली नाहीत, कारण लिनक्सवर खेळच कमी होते. 2018 मध्ये व्हॉल्व्हचं प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आलं, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालू लागले, आणि 2022 च्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्राने ते करून दाखवलं. त्याच धर्तीवर बॅझाइटसारख्या लिनक्सवर आधारित प्रणाली आता घरच्या पीसीवर टाकता येतात. चालू केलं की थेट खेळांची यादी समोर येते, डेस्कटॉप नाही.

तरी एक जागा अजून अडते. कन्सोलच्या कंट्रोलरवरचं बटण दाबलं की टीव्हीसुद्धा चालू होतो, कारण एचडीएमआयच्या तारेतूनच सीईसी नावाचा निरोप जातो. पीसीच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत ही सोय नसते. त्यामुळे सगळी जोडणी मनासारखी झाल्यावरही अनेकांना पीसी आणि टीव्ही यांच्या मध्ये बसणारा एक छोटा यूएसबी अडॅप्टर वेगळा आणावा लागतो.