बॉनेटवर खिडकी सरळ दिसावी म्हणून

जुन्या स्पोर्ट्स कारच्या चकचकीत बॉनेटकडे पाहताना आपण रंग पाहतो आहोत असे वाटते. डोळा मात्र त्यात उमटलेली खिडकी, दिव्याची नळी, आभाळाची कड पाहत असतो. ही प्रतिबिंबाची रेषा सरळ धावली तर पत्रा नीट करून गाडी पुन्हा रंगवण्याचे काम चांगले झाले. मध्येच लचकली, तर रंग कितीही महागाचा असो, पत्र्याने चुगली केलीच.

हे इतके सहज का दिसते, याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा पत्र्यावर १० सेंटीमीटर लांबीची एक उथळ लाट आहे आणि तिच्या माथ्यापासून तळापर्यंत अंतर आहे ०.१ मिलिमीटर. या लाटेचा सर्वांत तीव्र उतार जेमतेम ०.१८ अंश भरतो. पण आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो, म्हणजे प्रतिमा ०.३६ अंश ढळते. पाच मीटर दूरच्या खिडकीच्या चौकटीसाठी हे ढळणे तीन सेंटीमीटरच्या घरात जाते. पत्र्यातली चूक डोळ्यासमोर तीनशे पट मोठी होऊन येते ती अशी. मंद राखाडी प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या अस्तरात, उभी असलेली गाडी निर्दोष वाटते आणि काळा रंग मारताच तीच गाडी खडबडीत दिसू लागते, त्याचे कारणही हेच. प्रायमर प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे त्यात प्रतिमाच नसते.

रंग मग खड्डे भरून का काढत नाही? कारण प्रायमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत सगळे मिळून तो साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि खालचा चढउतार इमानदारीने वर आणतो. म्हणून जुन्या गाडीच्या रंगकामाची गोष्ट बरीचशी रंगाचा डबा उघडण्याआधीच घडते.

सुरुवात जुने थर उतरवण्यापासून. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीवर दोन-तीनदा तरी रंग चढलेला असतो आणि त्याखाली कोणी खड्ड्यात भरलेली लांबी (पुट्टी), कोणाची जुगाड दुरुस्ती दडलेली असते. वाळूचा मारा करून सगळे झटक्यात उडवून द्यावे असा मोह होतो. जाड चासीसाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यासाठी, तो ठीक. पण या गाड्यांचा बाहेरचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. वाळूचा प्रत्येक कण पृष्ठभागाला चिमुकला ठोका देतो आणि वरची कातडी किंचित पसरवतो. खालचा भाग तसाच राहतो, आणि पत्रा माऱ्याच्या बाजूला फुगतो. दोष बहुतेक वेळा घर्षणाच्या उष्णतेला दिला जातो, पण मोठा वाटा या ठोक्यांचा. बॉनेटसारखा रुंद, सपाट भाग असा एकदा बिघडला की तो पुन्हा जागेवर आणणे महाकठीण. खाण्याच्या सोड्याचा मारा सौम्य असतो. मात्र मागे राहणारी क्षारयुक्त पूड नीट धुतली नाही तर प्रायमर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. आम्लाच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवली तर गंज कानाकोपऱ्यातून निघतो, पण दुमडलेल्या कडांत अडकलेले आम्ल नंतर महिनोन्महिने झिरपत राहू शकते. माझे मत विचाराल तर मोठ्या दर्शनी भागांसाठी रसायन आणि हाताची घासाई हाच मार्ग बरा. वेळ जातो, पण पत्रा वाचतो.

रंग उतरला की गंज उघडा पडतो, आणि तो जिथे सापडतो ती जागा थोडी बुचकळ्यात टाकणारी असते. गंजायला ऑक्सिजन लागतो हे आपण शाळेत शिकतो. मग भरपूर हवा लागणाऱ्या दाराच्या मध्यापेक्षा जिथे हवाच पोचत नाही अशा दुमडीत, दोन पत्र्यांच्या सांध्यात, दाराखालच्या बंद पेटीत तो जास्त का? केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात खाऱ्या पाण्याच्या एका थेंबावर हे दाखवून दिले. थेंबाच्या कडेला हवा जास्त मिळते, मध्यभागी कमी. लोखंड विरघळले ते मध्यभागी. ऑक्सिजन भरपूर असलेली जागा ऋणाग्र बनते आणि इलेक्ट्रॉन वापरून घेते. ते पुरवण्यासाठी ऑक्सिजनविना राहिलेली जागा धनाग्र होऊन स्वतः झिजते. गाडीच्या सांध्यात अडकलेला ओलावा म्हणजे इव्हान्सचा लांबट थेंबच. त्यात तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्यांनी, जोडलेले दोन पत्रे तो आतून पाचर ठोकल्यासारखे फाकवतो.

बॉडी ॲल्युमिनिअमची असली म्हणून सुटका नाही. १९६३ साली आलेल्या ॲस्टन मार्टिन डीबी ५ मध्ये पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनिअमची कातडी ओढलेली आहे. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनिअम बळी जाते. याच तत्त्वाचा उलटा, उपयोगी वापर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळाच्या तांब्यासाठी सुचवला होता: जवळ जस्त किंवा लोखंड जोडा, ते झिजेल आणि तांबे वाचेल. वेल्डिंगपूर्वी सांध्याच्या आतल्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर मारतात तो याच कल्पनेचा वारस. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, तिला गंज नाही. तिथे पृष्ठभागावर पडणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा निस्तरत बसावे लागते.

कुजलेला पत्रा कापून नवा जोडल्यावर डेंटरचे खरे कसब सुरू होते. डेंट पडतो तेव्हा पत्रा केवळ वाकत नाही, ताणलाही जातो. त्याचे क्षेत्रफळ वाढते. खालून ठोकळा धरून वरून हातोडीने तो कितीही सपाट केला तरी हे जादा क्षेत्रफळ जाणार कुठे? तो फुगवटा धरतो आणि अंगठ्याने दाबला की ‘टक्क’ आवाज करून आत-बाहेर होतो. शिवाय गार अवस्थेत जितके ठोकावे तितका पत्रा कडक होतो, कारण धातूच्या स्फटिकांतले सरकते दोष एकमेकांत गुंतून बसतात.

यावरचा उपाय ऐकायला उफराटा आहे: ताणलेला पत्रा आकसायला हवा म्हणून तो तापवायचा. फुगवट्याच्या मध्यभागी नाण्याएवढा ठिपका लालसर होईपर्यंत तापवतात. ७०० अंशांनी तापलेले पोलाद लांबीत १ टक्क्याच्या आसपास वाढू पाहते. पण भोवतीचा थंड, ताठ पत्रा त्याला पसरू देत नाही. मऊ झालेला ठिपका मग आडवा वाढण्याऐवजी जाडीत दाबला जातो. आता तो थंड झाला की आकसतो, आणि आकसताना त्याला कोणी अडवत नाही. सुरुवातीला होता त्याहून तो लहान होऊन बसतो आणि भोवतालचा सैल पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. असे थोडेथोडे ठिपके देत फुगवटा उतरवतात. ॲल्युमिनिअमला हे करताना गोची होते, कारण ते लाल न होताच ६६० अंशांना वितळून जाते. म्हणून कारागीर त्यावर साबणाची रेघ ओढतात आणि ती काळवंडली की ज्योत बाजूला घेतात. मला या साऱ्या कामातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

हातोडीने जिथवर जाता येते तिथवर जाऊनही काही दशांश मिलिमीटर उरतातच. जुन्या कारखान्यांत ते शिसे आणि कथिलाच्या मिश्रधातूने भरत. जग्वार ई-टाइपच्या बॉडीवरचे सांधे असेच शिशाने भरून कानशीने घासलेले असायचे. ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसे हे प्रमाण मुद्दाम निवडलेले आहे. ते १८३ अंशांना वितळू लागते, पण पूर्ण द्रव व्हायला सुमारे २५५ अंश लागतात. मधल्या पट्ट्यात ते लोण्यासारखे राहते, आणि लाकडी पट्टीने उभ्या बाजूवरही ते थापता येते. शिशाची धूळ विषारी असल्याने ते घासायला मशीन लावत नाहीत.

आजची पॉलिएस्टरची लांबी वेगळ्या जातीची. स्टायरिनमध्ये विरघळलेले रेझिन, भरीला शंखजिऱ्याची पूड, आणि वजनाने २ टक्क्यांच्या आसपास पेरॉक्साइडचा हार्डनर, म्हणजे घट्ट करणारे रसायन. लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त घातला तर न वापरला गेलेला पेरॉक्साइड पुढे रंगातून डाग होऊन वर येतो. ही लांबी पाणी शोषते, त्यामुळे ती कोरडीच घासायची. लांबीला कमीपणा मानणारे पुष्कळ आहेत. पातळ थर असेल आणि खालचा धातू ठणठणीत असेल तर मला त्यात काही गैर दिसत नाही. गंजाच्या भोकावर ती थापणे ही मात्र शुद्ध फसवणूक.

आता येते सर्वांत कंटाळवाणे काम. जाड प्रायमरवर काळ्या रंगाची विरळ धूळ उडवायची आणि लांब, ताठ पट्टीला घासायचा पेपर लावून तिरप्या दिशांनी घासायचे. उंचवट्यांवरची काळी धूळ आधी जाते, खोलगट जागी ती तशीच राहते. डोळ्याला न दिसणारा नकाशा असा पृष्ठभागावर उमटतो. बोटांनी धरून घासले तर पेपर खड्ड्यात उतरतो आणि खड्डा तसाच राखतो. ताठ पट्टी मात्र पुलासारखी वरून जाते. पट्टी जितकी लांब, तितकी लांब लाट ती पकडते. पेपरचा क्रमही मनाला येईल तसा चालत नाही. पी ८० या क्रमांकाच्या पेपरवरील कणांचा सरासरी आकार २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी ३२० चा ४६, पी ६०० चा २६. पी ८० वरून थेट पी ६०० वर उडी मारली तर खोल ओरखडे नुसते झाकले जातात, आणि रंगातल्या थिनरने प्रायमर फुगून पुन्हा बसला की काही आठवड्यांनी ते वर दिसू लागतात.

उघड्या पोलादाला घामट बोटही पुरते; त्यातला क्षार गंजाला निमंत्रण देतो. म्हणून साफ केलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढवणे उत्तम. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश वर हवे, नाहीतर नजरेला न दिसणारा पाण्याचा पापुद्रा प्रायमरखाली कोंडला जातो. सिलिकॉनचा अंश तर त्याहून वाईट. जवळपास कोणी टायर चमकवायचा फवारा मारला असेल तरी पुरे. सिलिकॉनचा पृष्ठताण फार कमी असल्याने ओला रंग त्या ठिपक्यापासून दूर ओढला जातो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

एवढे झाल्यावर रंग. सुरुवातीच्या मोटारींना तेलाचे व्हार्निश लावत आणि ते सुकण्यात आठवडे जात. पहिल्या महायुद्धानंतर स्फोटकांसाठी बनणाऱ्या नायट्रोसेल्युलोजला दुसरे काम हवेच होते. ड्युपाँटने त्यापासून ‘ड्युको’ लॅकर बनवले आणि ते जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड मॉडेलवर आले; आठवड्यांचे तास झाले. लॅकर फक्त थिनर उडून जाऊन सुकते. रासायनिक बदल काही होत नाही, त्यामुळे पन्नास वर्षांनीही थिनरच्या चिंधीने पुसले की रंग चिंधीवर येतो. जुन्या गाडीवर मूळ रंग आहे की नंतरचा, याची ही सोपी पहिली चाचणी.

पॉलियुरेथेनचा मार्ग निराळा. ओटो बायर यांच्या जर्मनीतील गटाने १९३७ मध्ये शोधलेल्या या रसायनात हार्डनरमधले आयसोसायनेट रंगातल्या हायड्रॉक्सिल गटांशी जुळते आणि सगळा थर एका जाळ्यात बांधला जातो. असा थर विरघळत नाही, पेट्रोल सांडले तरी बिघडत नाही. आयसोसायनेट पाण्याशीही जुळते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या नळीतला ओलावा थरात बुडबुडे करतो. फुप्फुसालाही ते सोडत नाही. त्याला धोक्याची सूचना देईल असा वास जवळजवळ नसतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्रेनेही दमा उठतो. इथे साधा मास्क कामाचा नाही; बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच हवा.

स्प्रे गनचा वंश मात्र औषधी आहे. अमेरिकेतील टोलेडोचे डॉक्टर ॲलन डिव्हिल्बिस यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस घशात औषध उडवणारा फवारा बनवला, आणि त्यांच्या मुलाने त्यातून रंगाची गन घडवली. आजच्या कमी दाबाच्या गनमध्ये टोपीपाशी हवेचा दाब ०.७ बारच्या वर जात नाही. थेंब हळू जातात, पत्र्यावर आपटून उडत नाहीत, आणि डब्यातला जास्त रंग गाडीवर पोचतो. थर फार कोरडा बसला तर संत्र्याच्या सालीसारखा पोत राहतो, फार ओला बसला तर ओघळतो. मेटॅलिक रंगात तर ओलेपणाने छटाही बदलते: ॲल्युमिनिअमच्या चकत्या ओल्या थरात वेड्यावाकड्या कलतात आणि समोरून रंग गडद दिसतो, विरळ फवाऱ्यात त्या आडव्या बसतात आणि उजळ.

शेवटी पी २००० ने पाण्यात घासून पॉलिश. त्याचा कण १० मायक्रॉनचा, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. कॉम्पाउंडने, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या लेपाने, ओरखडे या मापाच्या खाली गेले की प्रकाश विखुरणे थांबते आणि खिडकी बॉनेटमध्ये उतरते. इथे थोडा हात आखडता घ्यावा असे मला वाटते. यांतल्या पुष्कळ गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा त्यांच्यावर किंचित संत्र्याची साल होती, दारांच्या फटी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी होत्या. काचेसारखा रंग चढवलेली १९६० ची गाडी सुंदर दिसते, पण ती १९६० ची दिसत नाही.

पॉलिशनंतरही एक काम उरते, आणि ते दिसत नाही म्हणून सर्रास राहून जाते. दारांच्या पोकळीत, खालच्या बंद पेट्यांत लांब नळीने मेणाचा फवारा मारायचा. रंग तिथे कधी पोचलेलाच नसतो. त्याआधी दाराच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली छिद्रे तपासावीत. प्रायमर आणि रंगाने ती बहुधा बुजलेली असतात.