चाकं, हिरवे दिवे आणि घिरट्या: लँडिंग गिअरच्या भानगडीची पार्श्वभूमी

११ ऑक्टोबर २०२४, खंडेनवमी. सांगलीत वर्कशॉपमधल्या मशिनींच्या पूजा उरकून लोक टीव्हीसमोर बसले तर बातमी चालू, त्रिचीहून शारजाला निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान वरच घिरट्या घालतंय, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) फेल झालंय. आता त्रिची म्हणजे आपल्याला काय परकं गाव नाही, विटा-खानापूर-आटपाडीकडची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी तमिळनाडूत गावोगाव दुकानं टाकून बसलीत, त्यामुळं फोनाफोनी सुरू. दोनेक तासांनी विमान नीट उतरलं, चाकंही नेहमीसारखी खाली आली. पण प्रश्न उरलाच, एवढा वेळ वर फिरवलं कशाला, लगेच उतरवायचं की!

कारण साधं आहे. नुकतंच उडालेलं विमान इंधनानं जड असतं, एवढ्या वजनानं उतरवणं बरं नाही, आणि बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२० असल्या विमानांना हवेत इंधन सोडून द्यायची सोयच नाही, फिरून फिरून जाळायचं एवढंच. शिवाय चेकलिस्ट शांतपणे करायला वेळ मिळतो.

मुळात लँडिंग गिअरची, म्हणजे विमानाच्या चाकांची, ही भानगड चाकं आत घ्यायला लागल्यापासूनची. १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले त्या पुस मॉथ विमानाची चाकं कायम खालीच, बिघडायला काही नव्हतंच. १९३० च्या दशकात वेग वाढवायचा म्हणून बोईंग २४७, डीसी-३ असली चाकं आत घेणारी विमानं आली आणि त्याबरोबर दोन नव्या काळज्या आल्या, चाक खाली येईल का, आणि पायलटला ते खाली घ्यायची आठवण राहील का. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकन बॉम्बर विमानाचे पायलट उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखाच्या मागच्या हलत्या फळ्या) चाकंच आत घ्यायचे, विमान बसकण मारायचं. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बघितलं तर दोन्ही खटके सारखेच आणि शेजारीशेजारी. त्यानं गिअरच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ लावायला सांगितली, ती आजही कॉकपिटमध्ये आहे.

चाकं खाली-वर करतं ते हायड्रॉलिक. आपल्याकडं मुरमाची ट्रॉली उचलताना पाइप फुटला की तेल सांडतं आणि काम ठप्प, तसं विमानात चालणार नाही, म्हणून दुसरी सोय असते, लॉक सोडायचं आणि चाक स्वतःच्या वजनानं खाली पडू द्यायचं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एटीआरमध्ये (पंख्याचं छोटं विमान) खिडकीची सीट मिळाली तर बघा, उडाल्यावर चाक पोटात जाताना चक्क दिसतं.

मग माणसं मेली कशानं? हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण नुसतं चाक अडकून माणसं मेल्याचं फार क्वचित, पण चाकाच्या नादात मेल्याचं झालंय. २९ डिसेंबर १९७२, अमेरिकेतल्या ईस्टर्न कंपनीचं ४०१ नंबरचं विमान, मायामीला उतरताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा (चाक खाली येऊन लॉक झालं की लागतो तो) लागेना. विमान २००० फुटांवर ऑटोपायलटला टाकून सगळे त्या बल्बमागं लागले, एक जण तर चाक बघायला खाली गेला, त्यात ऑटोपायलटची उंची धरून ठेवायची सोय नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येतंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि ते दलदलीत जाऊन आदळलं. १०१ जण गेले. चाक व्यवस्थित खाली होतं, बल्ब गेला होता फक्त!

सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड १७३, पोर्टलंड. चाकं खाली येताना धाडकन आवाज आला, कॅप्टन तासभर त्याचाच विचार करत फिरत राहिला, इंजिनिअर इंधनाबद्दल सांगत होता पण दबक्या आवाजात, साहेबाला कोण बोलणार, हे आपल्याला नवीन नाही. शेवटी इंधनच संपलं, १० जण गेले. यानंतर नासानं १९७९ ला कार्यशाळा घेतली आणि क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं ट्रेनिंग सुरू झालं, म्हणजे ज्युनिअरनं स्पष्ट बोलायचं, कॅप्टननं ऐकायचं आणि एकानं तरी विमान उडवण्याकडंच बघायचं.

त्यानंतरच्या केसेस बघा. २००५ ला जेटब्लूच्या ए३२० चं पुढचं चाक आडवं फिरून बसलं, तीनेक तास फिरून लॉस एंजेलिसला उतरवलं, टायरमधनं ज्वाळा, पण कुणाला ओरखडा नाही, आणि प्रवासी सीटसमोरच्या टीव्हीवर स्वतःचंच विमान लाइव्ह बघत होते. २०११ ला वॉर्साला कॅप्टन तादेउश व्रोनानं बोईंग ७६७ चक्क पोटावर उतरवलं, २३१ च्या २३१ सुखरूप. नंतर क्रेननं विमान उचललं, एक पडलेला सर्किट ब्रेकर दाबला आणि चाकं आरामात खाली आली, काय म्हणायचं आता!

उलट कराचीत मे २०२० मध्ये गिअर धडधाकट होता, पण विमान चाकांशिवायच रनवेवर टेकलं, इंजिनं घासली, पुन्हा वर घेतलं आणि मग वस्तीवर कोसळलं.

आणि २९ डिसेंबर २०२४ (हो, ईस्टर्नचीच तारीख), कोरियात मुआन. जेजू एअरच्या ७३७ ला पक्षी धडकले, चाकं न काढताच ते पोटावर उतरलं. रनवेवर घसरत गेलं तोवर विमान अख्खं होतं, पुढं टोकाला अँटेनासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या बांधावर आदळलं तेव्हा फुटलं. १८१ पैकी १७९ गेले. त्यानंतर कोरिया सरकारनं बाकीच्या विमानतळांवरचेही असले बांध बदलायचं जाहीर केलं.