सांगोला विधानसभा मतदारसंघ

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ, क्रमांक २५३. सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातील काही गावे मिळून तो झाला असून लोकसभेसाठी माढा मतदारसंघाला जोडलेला आहे. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख येथून ११ वेळा आमदार झाले. त्यामुळे या मतदारसंघाचा इतिहास आणि त्यांची राजकीय कारकीर्द एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही.

माण नदीकाठचा हा तालुका पर्जन्यछायेतला. खिल्लार जनावरे, माळरान आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ ही त्याची जुनी ओळख. डाळिंबाची ओळख नंतरची. १९९० च्या सुमारास फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली, तेव्हा सांगोल्याच्या हलक्या जमिनीत डाळिंब रुजले आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती प्रथमच नगदी पैसा खेळू लागला. पाणी आणि हाताला काम हे दोन प्रश्न इथल्या प्रत्येक निवडणुकीच्या मुळाशी राहिले आहेत.

गणपतरावांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ चा. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिली करू लागले आणि शेकापच्या लाल बावट्याखाली राजकारणात उतरले. १९६२ मध्ये ते पहिल्यांदा आमदार झाले. काँग्रेसची राज्यावर घट्ट पकड असण्याचा तो काळ. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, १९७२ मध्ये पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत विधानसभेत परतले. पुढे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा सलग चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. मात्र मंत्रिपदाचे हे दोन कालखंड वगळले, तर त्यांची बहुतेक वर्षे सत्तेबाहेरच्या बाकांवर गेली. ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सत्ताधारी आमदाराकडेच निधी येतो, असे मानले जाणाऱ्या राज्यात एका दुष्काळी तालुक्याने इतकी वर्षे विरोधी पक्षाचा माणूस मुंबईला पाठवला.

त्याचे कारण शोधताना लोक त्यांच्या साधेपणाकडे बोट दाखवतात. एसटीने प्रवास करणारा आमदार हे त्यांचे चित्र राज्यभर परिचित होते आणि ते खरेही होते. पण नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. खरे बळ संस्थांमध्ये आणि चळवळीत होते. कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चाललीही. कच्चा माल बाहेरून आणायचा आणि रोजगार मात्र गावातल्या माणसांना द्यायचा, असा तिचा व्यवहार. राज्यातल्या कितीतरी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, त्या तुलनेत ही गिरणी टिकली, हे मोठेच काम मानावे लागेल.

पाण्याचा लढा याहून लांबला. कृष्णा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांना हक्काचे पाणी मिळावे, यासाठी १९९० च्या दशकात आटपाडी येथे पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासोबत गणपतराव त्या चळवळीत अग्रभागी होते. समन्यायी पाणीवाटप ही तिची मुख्य मागणी होती. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पुढे सांगोल्याच्या शिवारापर्यंत आले, त्यामागे या दबावाचा वाटा आहे.

तरीही सांगोला हा कधी कुणाचा आंदण दिलेला गड नव्हता. १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. त्यानंतर या दोघांची लढत मतदारसंघात नित्याची झाली. १९९९, २००४ आणि २००९ च्या विजयांनंतर २०१४ मध्ये, मोदी लाटेत, वयाच्या ८८ व्या वर्षी गणपतरावांनी शिवसेनेकडून उभ्या असलेल्या पाटलांना सुमारे २५ हजार मतांनी हरवले. पराभव पचवून माणूस पुन्हा त्याच वाड्या-वस्त्यांवर जातो आणि मतदार त्याला पुन्हा संधी देतात, हे इथे दोनदा घडले. माझ्या मते विजयांच्या आकड्यापेक्षा हे दोन पराभव या कारकिर्दीबद्दल अधिक सांगतात.

२०१९ ला वयोमानामुळे ते थांबले. नातू अनिकेत देशमुख शेकापकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. जून २०२२ च्या शिवसेनेतील बंडात शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. गुवाहाटीतून फोनवर बोललेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या माणदेशी वाक्याने सांगोल्याची बोली महाराष्ट्रभर पोहोचली.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव करून ही जागा पुन्हा शेकापकडे आणली.