किनारी जलप्रदूषणाचे भूस्थित स्रोत

जमिनीवर निर्माण होऊन नद्या, नाले, गटारे किंवा भूजल यांच्यावाटे खाड्या, नदीमुखे व किनाऱ्यालगतच्या समुद्रात पोहोचणाऱ्या प्रदूषकांची उगमस्थाने. शहरांचे मैलापाणी, कारखान्यांचे सांडपाणी, शेतांतून वाहणारी खते व कीटकनाशके, धुपलेली माती आणि प्लॅस्टिक ही त्यांतील परिचित होत. हवेतून समुद्रावर उतरणारी द्रव्ये यांत धरावीत की नाही, याबाबत एकवाक्यता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराने भूस्थित स्रोत २०७ व्या, तर हवेतून येणारे प्रदूषण २१२ व्या कलमात घातले आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. सागरी प्रदूषणापैकी सुमारे ८० टक्के जमिनीवरून येते, असे सर्रास लिहिले जाते. या आकड्याचे मूळ बहुधा ‘गेसॅम्प’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या १९९० च्या अहवालात असावे. त्यातील अंदाज असा : जमिनीवरून वाहून येणारे ४४ टक्के, हवेतून ३३, जहाजवाहतुकीतून १२, समुद्रात नेऊन टाकलेले १० आणि समुद्रातील तेल-वायू उत्पादनातून १ टक्का. पहिल्या दोहोंची बेरीज ७७ होते. हवेचा वाटा वगळला, तर जमिनीचा निम्माही उरत नाही. नत्र, पारा व गाळ यांचे परिणाम एका मापाने मोजता येत नसल्यामुळे ही टक्केवारी ढोबळ मानणे आणि प्रत्येक प्रदूषकाचा स्वतंत्र विचार करणे अधिक सयुक्तिक होय.

नत्राचे कार्य सर्वांत तपशिलाने अभ्यासले गेले आहे. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर पसरते. त्यातील नत्र व स्फुरदावर शैवाल फोफावते, मरून तळाशी जाते आणि ते कुजवताना जीवाणू ऑक्सिजन संपवतात. वरचा थर झाकणासारखा बसल्याने हवेतील ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. मासे पळ काढतात. तळाच्या चिखलातील कृमी व शिंपले गुदमरतात. २०१७ च्या उन्हाळ्यात असे मृतक्षेत्र सुमारे २२,७०० चौ. किमी. होते. यातील बरेचसे नत्र हजार किमी.हून अधिक दूरच्या मक्याच्या शेतांतून येते. त्यामुळे बंद करण्याजोगे एखादे गटार येथे सापडत नाही.

पाऱ्याचे उदाहरण याउलट एकाच कारखान्याचे आहे. जपानमधील मिनामाता येथे ॲसिटाल्डिहाइड या औद्योगिक रसायनाच्या निर्मितीतील मिथिल पारा (पाऱ्याचे एक विषारी संयुग) सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई व माशांत साठे. कोळ्यांच्या वस्त्यांत प्रथम मांजरे झटके येऊन मरू लागली. माणसांतील आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची आहे. तरीही हे उत्पादन १९६८ पर्यंत चालू राहिले, ही अत्यंत दुःखद गोष्ट होय.

कायद्याची बाजू दुबळी आहे. भूस्थित स्रोतांपासून समुद्राच्या रक्षणासाठी १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे स्वीकारलेला जागतिक कृतिकार्यक्रम बंधनकारक नाही. जहाजांबाबतचे देशी नियम आंतरराष्ट्रीय नियमांइतके तरी परिणामकारक असावेत, अशी १९८२ च्या करारातील अट आहे. भूस्थित स्रोतांचे २०७ वे कलम मात्र आंतरराष्ट्रीय नियम केवळ ‘विचारात घेण्यास’ सांगते.