चवदार तळे एका दिवसात खुले झाले नाही

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या तळ्याचे पाणी प्यायले आणि तळे सर्वांना खुले झाले, असे दरवर्षी सांगितले जाते. तसे घडले नाही.

मुळात हक्क कागदावर आधीच होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरी अस्पृश्यांना पाणी भरता येत नव्हते. सत्याग्रहींनी कायदा मोडला नाही, रूढी मोडली. त्या दिवशी त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही, आणि मला तर पाणी पिण्याइतकेच हे धैर्याचे वाटते. पुढे सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, पण सवर्णांनी खटला भरला, न्यायालयाचा मनाई हुकूम आला आणि बाबासाहेबांनी तो पाळला.

हा खटला नऊ वर्षांहून अधिक चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी वहिवाट, म्हणजे पूर्वापार चालत आलेली प्रथा, सिद्ध झालेली नाही; त्यामुळे त्यांना तळ्यापासून रोखता येत नाही. ओंजळभर पाण्याने हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला होता.