पाकिटातला पुठ्ठा

जुन्या बेसबॉल कार्डांचं, म्हणजे खेळाडूंची चित्रं असलेल्या, लोक जमवतात त्या कार्डांचं मूळ मैदानात नाही, सिगारेटच्या पाकिटात आहे. १८८०च्या दशकात अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटांत मिळत. खिशात त्या चुरगळू नयेत म्हणून आत जाड कार्ड सरकवलेलं असे. मग ते कोरं का ठेवायचं? त्यात १८८१मध्ये जेम्स बॉन्सॅकच्या यंत्राला पेटंट मिळालं आणि हाताने वळायच्या सिगारेटी यंत्रातून धडाधड पडू लागल्या. माल उदंड झाला, आता गिऱ्हाईक खेचायचं होतं.

न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६पासून ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर खेळाडूंचे फोटो द्यायला सुरुवात केली. हे फोटो बघायला गंमत येते. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, खेळाडू झेल घेण्याच्या पवित्र्यात आणि चेंडू चक्क दोरीला टांगलेला! उडता चेंडू टिपणं तेव्हाच्या कॅमेऱ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

१८९०मध्ये जेम्स ड्यूकने पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी काढली. स्पर्धाच मावळल्यावर कार्डांवर पैसे कशाला घालवायचे? ती हळूहळू बंद पडली. खेळावरच्या प्रेमाचा हिशेब एवढाच.

पुढे १९०९ ते १९११मध्ये याच कंपनीने पुन्हा काढलेला कार्डांचा संच आज ‘टी२०६’ म्हणून ओळखला जातो. पाचशेहून अधिक रंगीत चित्रं, पाठीवर सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, आणि हो, ‘हिंदू’ नावाचासुद्धा एक ब्रँड होता. पुढच्या बाजूचे चेहरे मात्र जवळजवळ सगळे गोऱ्यांचे. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगची दारं कधीच बंद झाली होती.

पिट्सबर्गचा खेळाडू होनस वॅग्नर याने या संचातलं आपलं कार्ड थांबवायला लावलं. मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं सांगतात. पैशांवरून बिनसलं, असंही म्हणतात. गडी स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे पहिली गोष्ट जरा जपूनच घ्यावी. त्याआधी बाहेर पडलेल्या त्याच्या मोजक्या कार्डांपैकी एक २०२२मध्ये ७२.५ लाख डॉलरना गेलं.

‘टी२०६’ हे नाव कंपनीचं नव्हे, जेफरसन बर्डिक या संग्राहकाचं. ‘टी’ म्हणजे टोबॅको. त्याने तीन लाखांवर कार्डं आणि छापील कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले. संधिवाताने बोटं आखडलेली असतानाही तो वर्षानुवर्षं तिथे बसून ती अल्बमांत चिकटवत राहिला. १९६३च्या जानेवारीत काम संपलं आणि दोनच महिन्यांत तो गेला.