एक बिट पुसण्याची किंमत

संगणक काम करू लागला की तापतो. यातली बहुतेक उष्णता विद्युतमंडलांमधल्या विद्युतरोधामुळे निर्माण होते. परंतु तिचा एक अतिसूक्ष्म अंश असा आहे, की साहित्य कितीही उत्तम वापरले तरी तो टळत नाही आणि त्याचा माग काढत गेल्यास आपण थेट विश्वाच्या जन्मापाशी येऊन पोहोचतो.

माहिती पुसली की उष्णता बाहेर पडणारच, हे १९६१ साली आयबीएममधील भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लांडाउअर यांनी दाखवून दिले. बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान तुकडा, ० किंवा १. संगणकातल्या ‘अँड गेट’ या छोट्या मंडलात दोन बिट आत जातात आणि एकच बाहेर येतो; दोन्ही १ असतील तरच तो १ असतो. उत्तर ० आले, तर आत ००, ०१ की १० होते, हे त्यावरून ओळखता येत नाही. ही हरवलेली माहिती आसपासच्या अणूंच्या सैरभैर हालचालीत विरते, आणि त्या हालचालीलाच आपण उष्णता म्हणतो. एका ज्यूलचे १ वर २१ शून्ये इतके भाग केले, तर खोलीच्या तापमानाला एक बिट पुसण्यासाठी त्यांतले निदान ३ भाग खर्ची पडतात. २०१२ साली फ्रान्समधील ल्यों येथे हे प्रत्यक्ष मोजले गेले. लेझरने पाण्यात शेजारी शेजारी दोन अदृश्य खळगे तयार केले, त्यांत २ मायक्रोमीटरचा काचेचा मणी ठेवला आणि तो कुठल्याही खळग्यात असला तरी शेवटी एकाच खळग्यात यावा, अशी व्यवस्था केली. मणी आधी कुठल्या खळग्यात होता, हे आता कळत नाही; म्हणजे एक बिट पुसला गेला. हे काम जितके सावकाश केले, तितकी उष्णता लांडाउअर यांच्या मर्यादेजवळ येत गेली.

ही किंमत भागते कशातून? सूर्यप्रकाशासारख्या सुव्यवस्थित ऊर्जेतून, आणि ती व्यवस्था विश्वाच्या आरंभापासून चालत आली आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी झालेल्या महास्फोटानंतर ३,८०,००० वर्षांनी निघालेला प्रकाश आजही सर्व दिशांनी येतो आणि त्याच्या तापमानात जागोजागी जेमतेम एक लाखांश फरक आढळतो. म्हणजे तेव्हाचा वायू सर्वत्र जवळपास सारखा पसरलेला होता. असा वायू वरकरणी अव्यवस्थित भासतो, पण गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने तो उंचावर धरून ठेवलेल्या दगडासारखा असतो. तो आकसत गेला, त्याचे तारे झाले, आणि आपली प्रत्येक आकडेमोड त्याच ठेवीवर चालली आहे. मला यातले हे नाते फार मोलाचे वाटते.

आजच्या चिप या किमान मर्यादेच्या हजारो पटींनी जास्त ऊर्जा वापरतात, त्यामुळे सुधारणेला भरपूर वाव आहे. शिवाय खुद्द ही मर्यादाही टाळता येते. भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बेनेट यांनी १९७३ साली सिद्ध केले, की कोणतीही आकडेमोड काहीही न पुसता, उलट्या क्रमाने मागे नेता येईल अशा रीतीने करता येते. उदाहरणार्थ, ‘टोफोली गेट’ या मंडलात तीन बिट आत जातात आणि तीनच बाहेर येतात, त्यामुळे उत्तरावरून मूळ बिट नेमके सांगता येतात. क्वांटम संगणकाच्या क्रियाही, मोजमाप होईपर्यंत, स्वभावतः अशाच असतात. चिपमधले सूक्ष्म स्विच, म्हणजे ट्रान्झिस्टर, आणखी बारीक करण्यापेक्षा या वाटेकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे माझे मत आहे.

पुसण्याची किंमत आसपासच्या तापमानाच्या प्रमाणात बदलते. तो आदिम प्रकाश निघाला तेव्हा सुमारे ३००० केल्विन असलेले त्याचे तापमान आज २.७ केल्विनवर आले आहे आणि प्रसरणामुळे ते उतरतच राहणार आहे. म्हणजे दूरच्या भविष्यात तितक्याच ऊर्जेत कितीतरी अधिक बिट पुसता येतील. मात्र ती ऊर्जा पुरवणारे तारे तोवर एकेक करून विझत गेलेले असतील.